बैलगाडीएवढी जागा

आमचे शेजारी शमुवेल मास्तर सायकलवर कुणाच्या पुढे नसतात, कुणाच्या मागे नसतात, कायम शेजारी. सकाळी नगरहून नेवासा रस्त्याने ते शाळेला निघाले, की माझ्या छापखान्यातल्या पत्रकांची पिशवी अडकवून मी त्यांच्या डाव्या हाताला.

"सायकल म्हंजे बसून चालणं," ते म्हणत. "बोलत चाललेली मानसं एकामागं एक चालत्यात का कुठं?"

मागून भोंगा वाजला तरी मास्तर हलत नसत. नुसता हात वर करून, "बैलगाडीएवढी जागा सोडून जा, दादा." जोंधळ्यावरून धुकं सरकत असे, निंबांच्या सावल्या चाकांतून गळत जात, आणि मास्तर झोपेत बोलल्यासारखे सांगत राहत: कुठल्या पुलाखाली पाकोळ्या राहतात, कुठल्या विहिरीचं पाणी गोड.

मला हे साफ पटत होतं. मोटारवाल्यांना रस्ता आंदण दिलाय काय, असं मी एका पत्रकात छापलंही होतं.

अडचण होती हुसेनभाईंची. लढाईमुळे पेट्रोल मिळेना, म्हणून त्यांची प्रवासी मोटार कोळशाच्या गॅसवर चाले. चढावर वेग तुटला की ती बंद पडे, आणि आमच्यामागे तो तुटायचाच. मग उतारू खाली उतरून ढकलत. खांदा लावायला सगळ्यांत पुढे मास्तर.

"मास्तर, ढकलाया येता, मग बाजूला व्हाया काय हुतं?"

"एकट्याला बाजूला होता येतं, हुसेनभाई. दोघांना न्हाई."

शेवटी हुसेनभाईंनी मलाच गाठलं. "तुमी तरी ऐका. एखाद्या दिवशी ब्रेक लागला न्हाई, तर मी जन्मभर कुनाला तोंड दाखवू?"

त्यांचंही खोटं नव्हतं. दुसऱ्या दिवशी चढावर भोंगा ऐकताच, मास्तरांना न सांगता मी उतरून मागे झालो. मोटार भरपूर जागा सोडून धुरळा उडवत निघून गेली. सगळं कसं सुरळीत.

पुढे धुळीत मास्तर बोलतच होते. मग त्यांनी डावीकडे पाहिलं. सायकल रस्त्यातच टाकली आणि पन्नाशीचा तो माणूस धोतर सावरत मागे पळत आला. मला उभा पाहून मैलाच्या दगडावर बसला.

"काय झालं, मास्तर?"

त्यांची बायको वारल्याचं मला ठाऊक होतं. कशी, ते मी कधी विचारलं नव्हतं.

"मार्था अशीच मागं झाली हुती. भोंगा वाजला म्हनून. मी मैलभर तिच्याशी बोलत गेलो. परत आलो तर मोटारीचा धक्का लागून चरात पडल्याली. गेली हुती."

रस्त्याच्या हक्कावर माझ्या पिशवीत शंभर पत्रकं होती. त्यातलं एकही वाक्य कामाचं नव्हतं.

मी त्यांची सायकल उचलून आणली. आम्ही निघालो, पण मास्तर काही बोलेनात. मग मीच सुरू केलं: यंदाचा हुरडा, छापखान्यातला तंटा, आमच्या म्हशीचा स्वभाव, तोंडाला येईल ते. शाळा येईपर्यंत मी थांबलो नाही. मास्तर समोर बघत मधूनमधून "हं" म्हणत होते.