ठरलेलं आहे ना?

ऑफिसात त्याला सगळे तंद्रीनाथ म्हणत, आणि हाक दुसऱ्यांदा मारली की त्याला ऐकू येई. कंपनी लिफ्टचे प्रोग्रॅम बनवायची. माणसांनी लिहिलेला प्रोग्रॅम यंत्राच्या भाषेत उतरवणारा कंपायलर त्याच्या ताब्यात होता. दिवसभर तो खिडकीतल्या ढगांकडे बघत बसे, पण काम चोख.

त्या सकाळी त्याने कंपायलरमध्ये एक नवी तपासणी घातली. लिफ्टचं दार किती सेकंद उघडं ठेवायचं, तो आकडा प्रोग्रॅम लिहितानाच पक्का ठरलेला हवा. लिफ्ट चालू झाल्यावर ठरवू, हे बंद. आकडा कितीही असो, कंपायलरची हरकत नव्हती. तो ठरलेला आहे ना, एवढंच तो बघणार. नकाराचं वाक्यही तंद्रीनाथाने स्वतः रचलं: "आधी ठरवून या. वेळेवर बघू चालणार नाही."

मग तो निवांत ढगांकडे वळला, तोच फोन वाजला. पलीकडे त्याची होणारी बायको होती, दातांची डॉक्टर. बिचारी बराच काळ होणारीच राहिली होती.

"लग्नाची तारीख सांगतोस ना? परगावच्या दवाखान्याला आज उत्तर द्यायचंय. तू नाही सांगितलीस तर मी चालले तिकडे."

"बघू ना. ऊन जरा उतरू दे."

"उन्हाचा काय संबंध?" तिने फोन आपटला.

त्याचा तिच्यावर फार जीव होता. रोज तो मनातल्या मनात तिच्याशी लग्न करी. कधी कोवळ्या उन्हात, कधी धुक्यात. एक तारीख धरली की बाकीची सगळी लग्नं हातची जातील, याचंच त्याला वाईट वाटे.

"अरे तंद्रीनाथा!" अर्ध्या तासाने शेजारच्या टेबलावरचा ओरडला. "माणसं बघून दार बंद करायचं, असं लिहिलंय मी. तुझा कंपायलर हाकलून देतोय!"

"बरोबर आहे."

"काय डोंबल बरोबर! आपल्या लिफ्टमधला जुना प्रोग्रॅम मी काढून टाकलाय, नवा तयार होईना. लिफ्ट खाली आ वासून उभी आहे!"

इतक्यात साहेब जिना चढून आले. रागवायलाही दम उरला नव्हता, म्हणून ते नुसते हातवारे करत राहिले. त्यांच्या मागोमाग धापा टाकत ती आली, अंगावर दवाखान्यातलाच पांढरा कोट.

"तोंडावर सांग म्हटलं, काय ते." तिची नजर स्क्रीनवरच्या लाल अक्षरांवर गेली. तिने ते वाक्य मोठ्याने वाचलं. "हे कुणी लिहिलं?"

अख्ख्या ऑफिसने त्याच्याकडे बोट दाखवलं.

तो कानापर्यंत लाल झाला. खिडकीचा पडदा हलकेच हलला. धुक्यातलं लग्न गेलं, कोवळ्या उन्हातलं गेलं, एकेक करत सगळी विरून गेली. समोर ती तेवढी उरली.

"पुढच्या महिन्यातला दुसरा रविवार," तो म्हणाला.

"त्या दिवशी हॉल रिकामा नाही," ती खुर्चीत टेकत म्हणाली. "मी कधीच वेगळ्या तारखेचा घेऊन ठेवलाय."

"मग मला कशाला विचारलंस?"

"तुझं काही ठरलंय का, एवढंच बघायचं होतं. तारीख कुठलीही चालली असती." तिचे डोळे भरून आले होते. "दवाखान्याला नाही म्हणून कळवते," म्हणत ती जिना उतरू लागली.

तिच्या पावलांचा आवाज तो कितीतरी वेळ ऐकत राहिला. त्याला अगदी तरंगल्यासारखं वाटत होतं.

"अभिनंदन!" शेजारचा म्हणाला. "कधी आहे मग लग्न?"

तंद्रीनाथाने तोंड उघडलं, मिटलं, आणि लिफ्ट बंद असल्यामुळे जिन्याने धावत सुटला.