पिशवीतलं नंतर येईल

"सरकारला इतक्या वर्षांत जे जमलं नाही, ते मी एका सकाळीत करून दाखवतो!" रोसेन्दो मास्तरांनी असं जाहीर केलं, तेव्हा त्यांची बायको ओफेलिया ओव्हनमधून पिशव्या बाहेर काढत होती. घरात पिशव्या ठेवायला उरलेली शेवटची जागा ती.

हलापा शहरातल्या दुकानांमधून प्लास्टिकच्या पिशव्या हद्दपार झाल्या आणि पर्यावरण वाचलं. मास्तरांचं घर मात्र वाचलं नाही. हयात भूगोल शिकवण्यात गेल्यामुळे मास्तरांना जगातल्या सगळ्या नद्या तोंडपाठ होत्या. बाजारात जाताना कापडी पिशवी तेवढी आठवत नसे. कोपऱ्यावरच्या क्लेताबाईंच्या दुकानात टोमॅटो आणायला गेले, की टोमॅटो आणि एक नवी पिशवी घेऊन परत येत. अशाने पृथ्वी वाचते, असं त्यांचं प्रामाणिक मत होतं.

त्यात भर वकील बाल्तासार उगाल्देंची. हे गेल्या खेपेला नगराध्यक्षपदासाठी उभे राहिले आणि सपाटून आपटले. त्यांच्या माणसाने "दोन दिवस ठेवा फक्त" म्हणत प्रचाराच्या पिशव्यांचे गठ्ठे मास्तरांच्या जिन्याखाली ढकलले. निकाल लागला आणि तो माणूस गावातून गुप्त झाला. पिशव्या राहिल्या. हिरवागार रंग, त्यावर उगाल्देंचं बत्तीशी दाखवणारं तोंड, आणि खाली ठळक अक्षरांत: "उगाल्दे आहे, काळजी नाही!"

मास्तरांनी उपयोग शोधले नाहीत असं नाही. त्यांनी पिशव्या उसवून न्हाणीघराला पडदा शिवला. "तो मेला सारखा बघत असतो!" म्हणून ओफेलियाने तो दुसऱ्याच दिवशी ओढून काढला. मग एका पिशवीत माती भरून टोमॅटोचं रोप लावलं. रोप बरोबर उगाल्देंच्या मुखातून बाहेर यावं म्हणून तिथे कात्रीने गोल भोक पाडलं. रोप आठवडाभर जगलं. उगाल्देंच्या राजकारणापेक्षा थोडं जास्तच!

शेवटी ओफेलियाचा संयम संपला. "कांदेलारियाच्या सणापर्यंत एकूण एक पिशवी घराबाहेर. नाहीतर तुमचं डोमिनोचं टेबल भंगारात देते आणि तिथे पिशव्यांसाठी कपाट करून घेते!"

मास्तर हादरले. दर शनिवारी त्यांचा जिवलग नाबोर आणि आणखी दोघे त्या टेबलाभोवती बसत. निवृत्तीनंतर मास्तरांचं बोलणं कुणी ऐकून घेत असेल, तर ते त्या टेबलावर.

आणि त्याच वर्षी जानेवारीतल्या तीन राजांच्या सणाच्या गोड पावात लपवलेला बाहुला मास्तरांच्या तुकड्यात निघाला! बाहुला ज्याला मिळेल, त्याने फेब्रुवारीत कांदेलारियाला सगळ्यांना तामाले, म्हणजे मक्याच्या पिठाचे वाफवलेले मुटके, खाऊ घालायचे. मास्तरांनी तो क्षणभर गिळून टाकायचा विचार केला, पण ओफेलिया टक लावून बघत होती. तेव्हाच त्यांच्या डोक्यात वीज चमकली. तामाले घरपोच द्यायचे. पिशवीतून! दुसऱ्याच्या घरात गेलेली पिशवी आजवर कुणाला परत मिळाली आहे?

सणाच्या सकाळी केळीच्या पानातले वाफाळते तामाले तयार झाले. पिशव्या एकसारख्या दिसाव्यात म्हणून मास्तरांनी सुरुवात उगाल्देंपासून केली.

पहिला मान क्लेताबाईंचा. त्यांनी दार उघडलं. पिशवी पाहिली. मास्तरांना पाहिलं. रस्त्याच्या दोन्ही टोकांना नजर टाकली आणि आवाज एकदम खाली आणला.

"मास्तर, तुम्हीसुद्धा?"

"काय करणार! माझ्याच वाट्याला आलं."

"असू दे हो, आपलं माणूस म्हणून बरंच झालं. थांबा हं." बाई आत गेल्या आणि मतदार ओळखपत्राची झेरॉक्स घेऊन आल्या. "ही घ्या. घरच्या सगळ्यांची देऊ का?"

"हे कशाला?"

"बरं, नाही विचारत!" क्लेताबाईंनी डोळा मारला.

पुढच्या घरी म्हाताऱ्या तेओफिलोने पिशवीत हात घालून तळ चाचपला. "नुसते तामाले? मागच्या वेळी तेल, तांदूळ, राजमा होता!"

"मागच्या वेळी? अहो, मी पहिल्यांदाच वाटतोय!"

"म्हणूनच कमी पडतंय. वरून येतं तेवढं सगळं खाली पोचतं का? तुमचं चालू द्या."

एरवी मास्तरांच्या अक्कलहुशारीचं गल्लीत कौतुक होतं. पण उमेदवाराच्या तोंडाच्या पिशवीतून खायला आलं म्हणजे निवडणूक आली, हे या गल्लीत शाळेत न गेलेल्यालाही कळत होतं. कळलं नाही ते एकट्या मास्तरांना.

ते घरी परतले, तर दारात ही रांग! वरच्या वस्तीतले लोक उतरले होते, खालच्या वस्तीतले चढले होते. कुणाला दिवा हवा होता, कुणाला सिमेंट, कुणाला गच्चीवर पाण्याची टाकी.

"लोकहो, मी कुणाचा माणूस नाही!" मास्तर ओरडले. "हा माझा बाहुला आहे!"

"मुरलेला आहे," रांगेतून कुणीतरी आदराने म्हणालं. "असं सांगतात तेच खरे आतले."

नाबोर रांग सरळ करत होता. त्याचा चेहरा उतरलेला होता. "इतकी वर्षं एका टेबलावर बसलो आणि मला शब्द नाही? जाऊ दे. माझ्या भाच्याला नगरपालिकेत तेवढं चिकटव म्हणजे झालं!"

"नाबोर, देवाशपथ, हे नुसते तामाले आहेत!"

"माझ्याशी तरी नको रे हे!"

तामाले संपले. रांग संपली नाही. मास्तर घाम पुसत आत आले आणि त्यांची नजर ओव्हनवर गेली. पिशव्यांचा डोंगर. बाहेर रिकाम्या हातांची रांग. इथे एखादा सरळ माणूस खरं सांगून मोकळा झाला असता. मास्तरही सरळ होते, पण त्यांना टेबल वाचवायचं होतं.

ते उगाल्देंच्या पिशव्यांचा अख्खा गठ्ठा उचलून बाहेर आले. "आज फक्त पिशवी!" त्यांनी पुकारलं. "पिशवीतलं नंतर येईल!"

टाळ्या पडल्या. उगाल्दे संपले तेव्हा औषधाच्या दुकानाच्या पिशव्या गेल्या, बेकरीच्या गेल्या, माती झटकून ती भोकवालीसुद्धा गेली. क्लेताबाई तर तीनदा रांगेत दिसल्या. दुपारपर्यंत घर असं स्वच्छ झालं, की ओफेलियाने ओव्हन उघडून बंद करून पुन्हा उघडून पाहिला.

"मानलं बाई!" ती म्हणाली.

मास्तरांनी डोमिनोचं टेबल ओल्या फडक्याने पुसलं. त्या संध्याकाळी ते दोन डाव जिंकले आणि नाबोरच्या भाच्याबद्दल एक शब्दही बोलले नाहीत.

दुसऱ्या दिवशी सकाळी दारात छोटा ट्रक थांबला. आतून खुद्द बाल्तासार उगाल्दे उतरले आणि मास्तरांच्या गळ्यात पडले.

"हरलो तेव्हा सख्ख्या भावाने फोन उचलला नाही, मास्तर! आणि तुम्ही, ना ओळख ना देख, माझ्या पिशव्या जिवापाड जपल्यात! काल सबंध गावात माझं तोंड फिरत होतं. पुन्हा उभं राहायचं ठरवलंय!"

"अहो, मी फक्त..."

"विनय! हाच तुमचा मोठेपणा!" उगाल्देंनी डोळे पुसले आणि ट्रकवाल्यांना हात केला. "घ्या रे आत! नव्या पिशव्या आहेत, नवा फोटो आहे. आजपासून हेच आपलं प्रचार कार्यालय. पिशवीतलं काय ते तुम्ही बघाच. शब्द तुम्ही दिलाय!"

गठ्ठे आत आले. जिन्याखाली मावले नाहीत, ओव्हनमध्ये मावले नाहीत, तेव्हा डोमिनोच्या टेबलावर चढले आणि छताला टेकले. तोवर दारात पुन्हा रांग लागली होती. तीच माणसं, त्याच पिशव्या. आता मात्र प्रत्येकाने आपली पिशवी दोन्ही हातांनी उघडून धरली होती.

ओफेलियाने छतापर्यंत पाहिलं, रांगेकडे पाहिलं आणि भंगारवाल्याला फोन लावला.

"ओफेलिया, जरा ऐक तरी..."

"पाहुणे दारात उभे आहेत. कॉफी आणि साखर आणा आधी!"

मास्तर मान खाली घालून क्लेताबाईंच्या दुकानात गेले. कॉफी घेतली, साखर घेतली.

"पिशवी आणलीत?" क्लेताबाईंनी विचारलं.

मास्तरांनी दोन्ही खिसे चाचपले.

क्लेताबाई उसासा टाकून मागे वळल्या आणि खिळ्यावरची एक हिरवी पिशवी काढून त्यांनी गल्ल्यावर ठेवली. उगाल्देंच्या तोंडाच्या जागी गोल भोक होतं. कडेला अजून थोडी माती लागलेली होती.

"अहो, ही तर माझीच!"

"म्हणून तर तुम्हाला कमी भावात लावते."

मास्तरांनी पैसे काढले. बाहेरून भंगारवाल्याची हातगाडी गेली. तिच्यावर त्यांचं टेबल चारी पाय वर करून पडलं होतं.

"या भोकातून साखर सांडणार नाही ना?" मास्तरांनी बारीक आवाजात विचारलं.

"छे हो!" क्लेताबाई म्हणाल्या. "उगाल्दे आहे, काळजी नाही!"