डाव्या कोपऱ्यातलं बटण

शरदकाकांच्या हाती कोणतीही नवी वस्तू द्या, ते आधी ती मोडून पाहतात. आमच्या वास्तुशांतीला मंडळी पानावर बसली आणि हे बाथरूममध्ये नळ फिरवत उभे! "चलो, मोडून पाहू," म्हणत असा पिळला की नळ हातातच आला. वर प्लंबरला सुनावलं, "भैया, माल वापस!" मी तर अशी भडकले होते म्हणता! पण दुसरा नळ आजवर गळला नाही, तेही खरं.

काकांची सगळी नोकरी रांझीकडच्या संरक्षण कारखान्यात गेली, मालाच्या तपासणीत. रिटायर होऊन आमच्या शेजारी, इथे अधारतालला घरी बसले, तेव्हा तपासायला काही उरलंच नाही. काही दिवस सुधाकाकूंच्या पोळ्या तपासल्या. काकूंनी लाटणं दाखवल्यावर ते खातं बंद झालं.

मग त्यांना लिनक्स सापडलं. कॉम्प्युटर चालवायची ही व्यवस्था जगभरची माणसं मिळून बनवतात आणि फुकट वाटतात. पडद्यावरचे मेनू, खिडक्या, बटणं बनवणारी त्यातलीच एक मंडळी. नवी आवृत्ती लोकांना देण्याआधी कुणाला तरी ती बडवून पाहावी लागते. काकांना आणखी काय हवं! बिनपगारी रुजू झाले. खिडक्यांवर खिडक्या उघडतात, मध्येच वायर उपटतात, आणि काही अडकलं की "माल वापस!" आमच्या स्वयंपाकघरात ऐकू येतं.

कॉम्प्युटर मात्र जुनाट. "काका, नवा घ्या ना," म्हटलं तर म्हणाले, "काहून? हा काय जेवायला मागून राहिला?"

एकदा त्यांनी त्या मंडळींना कळवलं, की रोज सकाळी पडदा काळा पडतो. जर्मनीपासून ब्राझीलपर्यंत लोक दोष शोधत बसले. शेवटी कळलं, काका आंघोळीला गेले की काकू कॉम्प्युटरची पिन काढून तिथे मिक्सर लावत! काकांनी सरळ लिहिलं, "दोष मालात नाही, आमच्या चटणीत आहे." तिकडून एकानं चटणीची कृती मागवली.

त्यानंतर काकू आजारी पडल्या. बऱ्या झाल्या, पण विसरायला लागल्या. गॅस कसा लावायचा, मीठ कुठे, शेजारीण कोण. त्यातच त्या लिनक्सवाल्या मंडळींनी ठरवलं, जुन्या धाटणीचा, बटण दाबून उघडणारा मेनू काढून टाकायचा. सांभाळायला माणूस नाही म्हणे. काकांनी सगळं सोडून त्या मेनूसाठी भांडण मांडलं. मी चिडलेच. "काका, घरात काकूंचं हे असं, आणि तुम्ही त्या बटणापायी जीव काढून राहिले?"

"आत ये," ते म्हणाले.

काकू कॉम्प्युटरसमोर होत्या. मला ओळखलं नाही. पण हात बरोबर पडद्याच्या खालच्या डाव्या कोपऱ्यात गेला. बटण दाबलं, मेनू उघडला, मुलीचा फोटो दाबला, आणि पुण्याहून आवाज आला, "आई, जेवलीस का?"

काका हळूच म्हणाले, "बाकी सगळं गेलं गं, हा हात तेवढा राहिला. बटण हललं, तर हिची पोरगी हरवते."



शेवटी काकांनीच कबूल केलं, की जुना मेनू दर वेळी मी तपासून देईन, काही बिघडलं तर निस्तरणं माझ्याकडे. तेव्हा ती मंडळी राजी झाली. परवा नवी आवृत्ती आली. मी मुद्दाम गेले. काका खुर्चीमागे श्वास रोखून उभे. काकूंचा हात कोपऱ्यात गेला. बटण जागेवर होतं. मुलगी हसली, काकू हसल्या.

बोलून झाल्यावर काकू माझ्याकडे वळल्या. "पाहा बाई, मला सगळं येते. हे मात्र दिवसभर या डब्यापुढे बसून काय करून राहतात, देव जाणे!"

"काहीच नाही," काका म्हणाले.

अशा माणसाच्या शेजारी आपण राहतो, याचा मला त्या क्षणी इतका अभिमान वाटला की डोळेच भरून आले.