देवस्थळी आणि जोडीचा आकडा

आमच्या टीममध्ये नवा माणूस आला, की देवस्थळी त्याला जुन्यांपैकी प्रत्येकाबरोबर वेगवेगळं चहाला पाठवत. सगळ्यांनी मिळून गेलेलं त्यांना चालत नसे. "घोळक्यात काय कळतंय? जोडी मोजायची," म्हणत. या चहांमधून एक लग्न जमलं आणि दोन राजीनामे आले. देवस्थळींना दोन्ही निकाल सारखेच समाधानकारक वाटले.

पुण्यात तेव्हा ज्याला त्याला सॉफ्टवेअरचं वेड लागलं होतं. पन्नाशीचे देवस्थळी खताचा कारखाना सोडून हडपसरला, कारखान्यांसाठी प्रोग्रॅम लिहिणाऱ्या आमच्या कंपनीत आले, ते वायूंच्या मिश्रणाची समीकरणं घेऊन. प्रत्येक वायूचे स्वतःचे आकडे पुस्तकात मिळतात. ते ठरावीक नियमाने एकत्र केले, की मिश्रण किती दाबाला कसं वागेल याचा अंदाज येतो. मात्र प्रत्येक जोडीसाठी एक दुरुस्तीचा आकडा लागतो, आणि तो प्रयोगातूनच काढावा लागतो. तो सापडला नाही, की आमची पोरं तिथे शून्य टाकून मोकळी होत.

"सर, प्रोग्रॅम मस्त रन होतोय," निखिल नावाचा आमचा प्रोग्रॅमर एकदा म्हणाला.

"होणारच. पीएमटीची बसपण धावते. पोचते का ते बघा. अहो, कार्बन डायऑक्साइड सज्जन, इथेन सज्जन. एकत्र आले की फटकून वागतात. शून्य कुणाला विचारून टाकलंत?"

मी शेजारच्याच टेबलावर बसायचो. हे प्रवचन रोज फुकटात ऐकून भयंकर वैताग यायचा.

त्यांची बायको सुमनताई वारल्या, तेव्हा घरात उरले देवस्थळी आणि त्यांच्याकडेच राहणाऱ्या सासूबाई. या दोघांचं कधीच पटलं नाही. आमटीत गूळ किती यावरून अबोला धरायचे. सुमनताई मध्ये होत्या म्हणून निभावलं, असं सगळेच म्हणत. मीही म्हणायचो.

वर्षश्राद्ध झाल्यावर एका रविवारी मी ऑफिसचे कागद द्यायला कर्वेनगरला त्यांच्या घरी गेलो, तर सासूबाईंचा मुलगा वसंत आईला न्यायला आलेला. त्याने वारज्याला नवा फ्लॅट घेतला होता. आईची बॅग भरून दारात ठेवली होती. देवस्थळींनी सगळ्यांना चहा दिला.

"भाऊजी, ताई गेली. आता आईचं ओझं तुमच्यावर कशाला? तुम्हीही सुटाल," वसंत म्हणाला.

मला वाटलं, आता समीकरण ऐकावं लागणार. पण देवस्थळी चष्मा पुसत राहिले.

"न्या. तुमचा हक्कच आहे," ते म्हणाले. "पण वसंतराव, आई रोज माझ्याशी भांडतात, आणि भांडताना म्हणतात, 'माझ्या बेबीने असं केलं नसतं.' सुमनला बेबी म्हणणारं या घरात दुसरं कोणी नाही. आई गेल्या, तर दिवसभर तिचा विषयच निघणार नाही. मला एकट्याला तो काढता येत नाही हो."

वसंतने दारातल्या बॅगेकडे बघितलं.

सासूबाईंनी कप तोंडाला लावला आणि खाली ठेवला.

"पांचट केलायत," त्या जावयाला म्हणाल्या. "बेबीने असा चहा कुणाच्या पुढ्यात ठेवला नसता." मग मुलाकडे वळल्या. "वसंता, जाताना ती बॅग आत ठेव."