साळूबाईचा कौल

एका जंगलात, बाळांनो, वडाखालच्या बिळात एक साळू राहायची. अंगभर काटे, पण विद्या शिकली होती मनाची. "राग आला की दहापर्यंत मोजावं," असं ती येईल त्याला सांगायची. स्वतःला राग आला की तिचे काटे तीनलाच उभे राहायचे.

एकदा सिंहमहाराजांनी तिला बोलावलं. "साळूबाई, तुमचा उपयोग काय, हे दरबाराला कळेना. जंगलाचा कौल घ्या. निम्म्यांनी 'उपयोग आहे' म्हटलं तर बीळ तुमचं. नाहीतर पोपट ज्योतिषी जागा मागतोच आहे."

ते बीळ साळूने स्वतःच्या नखांनी खणलं होतं. पण शिकलेली बाई ती. रडायचं सोडून तिने पळसाच्या पानांवर प्रश्न लिहिला आणि एकेकाला बोलावलं.

पहिले आले अस्वल वैद्य. "मी 'नाही' असंच लिहिणार. ना मुळी, ना काढा, नुसत्या गप्पा." जाता जाता ते दाराशी थबकले. "हल्ली रोग्याची नाडी धरताना माझाच हात थरथरतो. कुणाला बोललो नाही अजून." मग तासभर बोलले. साळू नुसती 'हं' म्हणत राहिली.

मग आला पहारेकरी गवा. "बाईमाणसाकडे काय जायचं मन ओळखायला? आमच्या घरात पाच बाया आहेत, न विचारता ओळखतात." मग आवाज खाली आणून म्हणाला, "माझ्या एका मित्राला झोप लागत नाही." मित्राची हकीकत सांगताना त्याचे डोळे भरून आले.

शाळेतल्या वानरीणबाई म्हणाल्या, "मला काही झालेलं नाही हो. आमच्या ह्यांना तपासा." आणि ऊन कलेपर्यंत उठल्या नाहीत.

सगळे हलके होऊन गेले. जाताना प्रत्येकाने पानावर 'नाही' लिहिलं.

दुसऱ्या दिवशी सकाळी दरबारात पानं वाचली गेली. "काही सांगायचंय?" महाराजांनी विचारलं.

वैद्य जमिनीकडे पाहू लागले. गव्याला घाम फुटला. साळूचा एक शब्द पुरला असता. पण बिळातलं बिळाबाहेर न्यायचं नाही, हा तिच्या विद्येचा पहिला नियम. तिचे काटे उभे राहिले. ती मोजू लागली आणि आयुष्यात पहिल्यांदा दहापर्यंत पोचली.

"काही नाही, महाराज."

दुपारीच पोपट राहायला आला. साळू बोचकं घेऊन वडाखाली उघड्यावर बसली. तेवढ्यात झाडामागून महाराज आले, एकटेच.

"साळूबाई, माझ्या ओळखीचा एक सिंह आहे..."

त्या जंगलात सिंह एकच होता. साळूने बोचकं बाजूला सरकवलं आणि ती म्हणाली, "हं."

तात्पर्य: मन मोकळं करायचं असेल, तर ऐकणाऱ्याला आधी निरुपयोगी ठरवून घ्यावं, म्हणजे लाज वाटत नाही. हा आमच्या एका मैत्रिणीचा अनुभव आहे.