गालाला ओढ बसली की पुन्हा

"अहो, जरा आरशात बघा. भिंतीचा रंग सुटावा तसा चेहरा सुटलाय," बायको म्हणाली. "समोरच्याच्या अर्जावर पापुद्रे पडतील."

कारकुनाला पापुद्र्यांची नव्हे, हसण्याची धास्ती होती. पार्सल ऑफिसच्या तक्रार खिडकीवर कायमचा माणूस नेमायचा होता आणि आज मोठ्या मॅडम दिवसभर त्याच्या मागे खुर्ची टाकून बसणार होत्या. काम त्याला तोंडपाठ होतं. पण समोरचा चिडला की याला हसू फुटायचं. मनातून अगदी वाईट वाटत असायचं, आणि तोंड मात्र कानापर्यंत पसरलेलं. गेल्या महिन्यात एका आजींनी त्याला छत्रीने बडवलं होतं. आज जमलं नाही तर गोदामात रवानगी ठरलेली होती.

"बेसिनवरच्या फळीवर माझी क्रीमची बरणी आहे. ओल्या तोंडालाच लावा, म्हणजे ओलावा टिकतो. आणि गालाला ओढ बसली की पुन्हा लावा. हात आखडू नका."

बेसिनवर अप्पा, म्हणजे त्याचे वडील, ब्रश धूत होते. जन्मभर पुस्तकं बांधली. आता कोणी पुस्तकं आणत नसलं तरी ब्रश धुणं सुटलं नव्हतं. त्यांच्या खांद्यावरून हात घालून त्याने बरणी काढली आणि दोन बोटं भरून पांढरंशुभ्र क्रीम तोंडाला चोपडलं. लवंगेचा वास आला. औषधी असेल, असं म्हणत त्याने बरणी पिशवीत टाकली.

ऑफिसात पोहोचेपर्यंत गालाला ओढ बसली. त्याने आणखी लावलं. अर्ध्या तासात ओढ वाढली. हवा फारच कोरडी दिसतेय, असं वाटून त्याने कपाळापासून हनुवटीपर्यंत जाड थर दिला.

अकरा वाजता एक जाडजूड गृहस्थ लंगडत खिडकीशी आले आणि त्यांनी पाय थेट काउंटरवर ठेवला.

"बघा! दोन्ही डाव्या पायाचे बूट पाठवलेत! मुद्दाम घालून आलोय, तुम्हाला दाखवायला!"

कारकुनाच्या पोटात हसू उसळलं. ते छातीत आलं, गळ्यात आलं, गालापर्यंत पोहोचलं आणि तिथेच अडकलं. गाल हलेचनात. ओठ जेमतेम तांदळाएवढे उघडले.

"बसा ना," तो पुटपुटला.

"काय?" ऐकू यावं म्हणून गृहस्थांनाच आवाज खाली आणावा लागला.

"पायाला... लागलं नाही ना?"

गृहस्थ पाय खाली घेऊन म्हणाले, "टाचेला. जरासं."

"माझ्या चपला... घालून जा. बूट... बदलून देतो."

गृहस्थ त्याच्या चपला घालून, आभार मानून गेले. संध्याकाळपर्यंत फुटकी किटली आली, भलत्याचाच कोट आला, छत्रीवाल्या आजीही आल्या. आजींनी त्याला बराच वेळ न्याहाळलं आणि छत्री काखेत मारली.

"इतका शांत माणूस मी या खिडकीवर पाहिला नाही," मॅडम म्हणाल्या. "सोमवारपासून खिडकी तुमची."

कारकुनाला उडी मारावीशी वाटली. चेहरा ढिम्म.

"बघा, आनंदानेही हुरळत नाहीत!" मॅडम शिपायाला म्हणाल्या.

तो अनवाणी घरी आला, तेव्हा अप्पा फळी धुंडाळत होते.

"सूनबाई, माझी पुस्तकं चिकटवायची खळ कुठे गेली गं? कालच मैदा शिजवून तुझ्या रिकाम्या बरणीत भरली होती. किडा लागू नये म्हणून लवंगेचं तेलही घातलं होतं."

बायकोने नवऱ्याकडे पाहिलं. त्याने पिशवीतून बरणी काढून पुढे केली. तळाशी चमचाभरच उरलं होतं.

कोमट पाण्याने तोंड धुतलं तशी खळ सुटली आणि दिवसभर कोंडलेलं हसू एकदम बाहेर पडलं. दोन डाव्या बुटांची गोष्ट सांगता सांगता तो जमिनीवरच बसला. बायकोच्या डोळ्यांतून पाणी आलं. नोकरी पक्की झाल्याचं सांगताना त्याच्याही आलं. मग तो अचानक थांबला.

"पण सोमवारी काय करू?"

अप्पांनी फळीवरून मैद्याचा डबा काढला आणि चाळणी झटकली.

"रोज सकाळी ताजी करून देतो. शिळीला गुठळ्या होतात," ते म्हणाले. "सूनबाई, घरी आला की तुझं ते क्रीम लावत जा त्याला."

आणि ते गुणगुणत मैदा चाळू लागले. कित्येक वर्षांनी त्यांच्याकडे रोजचं काम आलं होतं.