गुरम्माबाईसाहेबांची बाटलीची मोहीम

श्री सिद्धेश्वर प्रसन्न. अक्कलकोटकर व्याही मंडळींनी पृच्छा केली की, आमची कन्या पोटुशी असता सोलापुरी दवाखान्यात काय प्रकार जाहला, तो आडपडदा न ठेवता कळवावा. त्यावरून हकिकत लिहिली, ती सेवेसी श्रुत व्हावी.

शके अठराशे चौपन्न, श्रावणमास. सोलापूर शहरी शिवप्पा भुसारवाले यांच्या मातोश्री, सकलचूलमंडित, माजघरधुरंधर गुरम्माबाईसाहेब यांच्या अमलात सून महानंदा हिस सहावा महिना लागला आणि पायांस सूज आली. ती पाहून बाईसाहेबांच्या काळजात धस्स जाहले, कारण त्यांची थोरली लेक पहिल्या बाळंतपणात अशाच सुजेने गेली होती आणि ते दुःख त्या कोणापाशी बोलत नसत. मग सुनेस बरोबर घेऊन खासा स्वारी टांग्यात बसली आणि दाक्षायणीबाई डॉक्टरीण यांच्या दवाखान्यावर चालून गेली.

डॉक्टरणीने प्रथम सुनेस वजनाच्या काट्यावर चढविले. गर्भारशीस तोलणे म्हणजे दृष्टीस आवतण, सबब बाईसाहेबांनी कनवटीच्या मीठमोहऱ्या काढून तिथल्या तिथे उतरल्या, त्या काट्यात सांडल्या आणि काटा झाडून वजन फिरून करावे लागले. मग दंडास पट्टा आवळून दाब पाहिला, टेपेने पोट मोजले आणि नळी लावून बाळाचे ठोके ऐकिले. अखेर फर्मान सुटले की, दरमहा न चुकता हजर व्हावे, आणि उद्या सकाळची सुनेची लघवी बाटलीत भरून रुजू करावी.

येथे बाईसाहेबांची मती फिरली. केस, नखे परक्याच्या हाती पडली तर करणी होते, मग ही तर साक्षात अंगातली वस्तू! मसलत कोणाशी न करता त्यांनी सुनेची बाटली मोरीत रिती केली आणि स्वतःची भरून, खणात गुंडाळून, जातीने पोहोचती केली. करणी जाहलीच तर म्हातारीवर होवो, पोर वाचो, असा पक्का इरादा.

डॉक्टरणीने तो ऐवज निळ्या औषधात उकळला, तो रंग विटेसारखा लाल! हुकूम जाहला की, साखर जाते आहे, सुनेस गोडधोड आजपासून बंद.

घरी त्याच दिवशी शेंगदाणे-गुळाच्या शेंगापोळ्यांची चळत उभी होती आणि सुनेस डोहाळे नेमके शेंगापोळीचे. बाईसाहेब चौथ्या पोळीवर तुपाची धार धरतात, तो महानंदा दाराआडून रडवेली म्हणाली, "आत्याबाई, एक तुकडा तरी द्या की. पोटातलं मागतंय वो."

बाईसाहेबांनी पोळी बाजूस सारली. रोग आपला आणि उपास पोरीला! वर तिचे पाय तसेच सुजलेले, कारण तिची तपासणी मुळी जाहलीच नव्हती. हे ध्यानी येताच बाईसाहेबांनी हात न धुताच सुनेस टांग्यात घातले.

दवाखान्यात वीस बायका बसलेल्या. त्या भर दरबारात गुरम्माबाई म्हणाल्या, "बाई, ती बाटली माजी व्हती, हिची न्हाय. माजी लेक सुजूनच गेली. मला काय बी शिक्षा करा, पन हिला नीट बगा."

वीस पदर वीस तोंडांवर गेले. डॉक्टरीण मात्र हसली नाही. सुनेची खरी बाटली तपासून तिने निवाडा दिला की, ही निर्मळ आहे. दिवसभर चुलीपुढे उकिडवी बसते म्हणून पाय सुजले. सबब सुनेने पाय वर करून पडावे, चूल सासूने सांभाळावी, आणि साखर सासूची असल्याने तिला गूळ, साखर, शेंगापोळी तहहयात बंद.

पुढे दरमहा बाटली जिची तिचीच गेली आणि मार्गशीर्षात कन्यारत्न जाहले, मायलेकी सुखरूप. अशा फत्तेस हत्तीवरून साखर वाटावी. हत्ती मिळेना, म्हणून बाईसाहेबांनी टांग्यातून अख्ख्या पेठेस वाटली, दोन्ही हातांनी, रडत रडत. आणि घरी येऊन, बोट न चाटता, हात धुतले. याउपर पराक्रम तो कोणता?